ली कंपनीची ९ एमएम फॅक्टरी क्रिंप डाय: जरूर घ्या, पण बॅरल हातात घेतल्यावर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मैदानी रेंज बर्फाखाली गेली की आमच्या तळघरातला काडतुसं भरायचा प्रेस सुरू होतो. पिस्तुलाची ९ एमएमची काडतुसं मी घरीच भरते, म्हणजे वापरलेल्या केसमध्ये (पितळी कवचात) नवी पावडर आणि बुलेट घालते. ली प्रिसिजनची कार्बाइड फॅक्टरी क्रिंप डाय, म्हणजे केसचं तोंड बुलेटभोवती मिटवणारा (क्रिंप करणारा) साचा, माझ्या प्रेसवर कायम बसवलेली असते. कंपनी आमच्याच राज्यातली, हार्टफर्डची. डाय मला मनापासून आवडते. तरीही 'काडतूस चेंबरमध्ये अडकतंय, कुठली डाय घेऊ?' असं कुणी विचारलं, तर मी आधी बॅरल, म्हणजे नळी, काढायला सांगते. चेंबर हा तिचाच मागचा, काडतूस बसतं तो भाग.

पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करा, मग ते उघडून बॅरल वेगळी करा. चेंबरचं तोंड वर धरून त्यात काडतूस सोडा. ते 'टक्' आवाज करत तळाशी बसलं पाहिजे, बोटाने सहज गोल फिरलं पाहिजे आणि बॅरल उलटी केली की आपल्या वजनानेच बाहेर पडलं पाहिजे. नाही पडलं तर काडतुसावर काळं मार्कर फासून पुन्हा सोडा आणि हलकेच फिरवा. शाई कुठे खरवडली ते नीट बघा. दोष कुठला ते तिथेच कळतं.

बुलेटच्या गोलाईवर चरा दिसला तर काडतूस लांब झालंय आणि बुलेट रायफलिंगला (नळीच्या आतल्या पिळदार खाचांना) टेकतेय. केसच्या तोंडाशी शाई गेली असेल, तर बुलेट बसवण्यासाठी तोंड जे फाकवलं होतं ते पुरतं मिटलेलं नाही. मधे एकाच बाजूला पट्टा उमटला तर बुलेट तिरकी बसून केस तिथे फुगली आहे. बुडाशी घासलं असेल तर साइझिंग डाय (भरण्याआधी वापरलेली केस मापात आणणारी) पुरेशी खाली आलेली नाही.

यातल्या तोंडाच्या आणि फुगवट्याच्या दुखण्यावर ही डाय अक्सीर आहे. बुलेट बसवून झाल्यावर शेवटच्या टप्प्यात तयार काडतूस तिच्यातून जातं. आतली कार्बाइडची रिंग केसचा फुगवटा दाबून मापात आणते आणि वरचा भाग तोंड मिटवतो. वरची गुंडी फिरवून क्रिंप कमी-जास्त करता येतो; अगदी थोडी फिरवली तरी फरक पडतो, म्हणून कॅलिपर (बारीक माप घ्यायचं साधन) हाताशी ठेवा. ९ एमएमच्या तोंडाचं कमाल माप ०.३८० इंच. मी ०.३७८ ते ०.३७९ वर थांबते. हे काडतूस चेंबरमध्ये केसच्या तोंडावरच टेकतं, त्यामुळे 'घट्ट म्हणजे चांगलं' हा हिशेब इथे चालत नाही. बुलेट बसवणं आणि क्रिंप करणं ही दोन कामं वेगळी होतात, हा मला तिचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. एकाच डायमध्ये दोन्ही उरकताना बुलेट खाली सरकत असते आणि तोंड त्याच वेळी आवळत असतं. मग शिशाची साल निघते.

लांबीच्या दुखण्यावर मात्र ही डाय काही करू शकत नाही. ९ एमएमची कमाल लांबी १.१६९ इंच, पण ती सगळ्या बुलेटना आणि सगळ्या बॅरलना चालेलच असं नाही. सीझेड ७५ पिस्तूल वापरणाऱ्यांना हे सांगायला नको. त्या बॅरलमध्ये रायफलिंग लवकर सुरू होतं, आणि दुसऱ्या पिस्तुलात खुशाल चालणारं काडतूस तिथे अडकतं. बुलेट जरा खोल बसवली की प्रश्न सुटतो. पण कृपा करून हे काडतुसं भरण्याच्या मापांचं पुस्तक उघडल्याशिवाय करू नका. ९ एमएमची केस लहान, आतली जागा थोडी कमी झाली तरी दाब झपाट्याने चढतो. लांबी बदलली की पावडर सुरुवातीच्या मापावर आणून पुन्हा वर चढायचं.

ओतीव शिशाच्या बुलेट वापरणाऱ्यांनीही जपून. त्या ०.३५६ इंच किंवा त्याहून जाड असतात. कार्बाइडची रिंग केससोबत आतली मऊ बुलेटही दाबू शकते, मग केसची पकड सैल होते. मी जॅकेटेड (तांब्याचं आवरण असलेल्या) ०.३५५ च वापरते, म्हणून मला ही अडचण येत नाही. शिसं वापरणाऱ्या मैत्रिणीला मी साधी टेपर क्रिंप डाय (रिंग नसलेली, फक्त तोंड मिटवणारी) घ्यायला सांगितलं.

आणि घरी भरलेलं काडतूस रेंजवर अडकलं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) अर्धवट राहिली, तर ती ठोकून पुढे ढकलायची नाही. नळी मातीच्या बांधाकडेच ठेवा, बोट ट्रिगरपासून दूर, आणि रेंज ऑफिसरला हाक मारा.

कोल्हापूरची भाची नेमबाजी शिकतेय, तीही हे वाचेल म्हणून सांगते: भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय तुमच्या .२२ च्या रिमफायर (बुडाच्या कडेतच पेटता मसाला असलेल्या) केस पुन्हा भरण्यासाठी नसतातच.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ही डाय सुटी घेऊ नये. लीच्या डीलक्स कार्बाइड चार डायच्या संचात ती येतेच. सोबत एक केस गेज (काडतूस आत घालून माप तपासायचा ठोकळा) घ्यायला हरकत नाही, पण गेजमध्ये बसलेलं काडतूसही एकदा तुमच्या बॅरलमध्ये सोडून बघा.