वाळू पुढे, ज्वारी मागे : रायफल टेकवायच्या पिशव्या, आठ महिन्यांनंतर

दिवाळीनंतर १,८०० रुपयांना दोन पिशव्यांचा जोड मागवला. पुढची चौकोनी, मागची सशासारखे दोन कान असलेली. आल्या त्या रिकाम्याच. काय भरायचं ते तुमचं तुम्ही बघा.

माझी एअर रायफल ४.५ मिमीची, स्प्रिंगवाली, नळी खाली दुमडून छर्रा भरायची. मित्राचं मोहोळकडे शेत आहे. तिथं मातीचा उंच ढिगारा घातलाय, त्याच्यापुढं २० मीटरवर निशाण लावून रविवारी सकाळी बसतो. उन्हाळ्यात नऊच्या आत आवरायचं, नंतर आपल्याकडचं ऊन माहितीच आहे.

पहिला महिना पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. हातावर धरून मारायचो तेव्हा पाच छर्रे चहाच्या बशीएवढ्या जागेत पडायचे. पिशवीवर ठेवून, खांद्यात गच्च रोवून मारले तरी बशीची वाटी होईना. वर सगळे छर्रे दोन बोटं उंच.

चूक पिशवीची नव्हती, माझ्या दाबण्याची होती. बारा बोअरच्या काडतुसाच्या बंदुकीला एकच धक्का, मागे. स्प्रिंगवालीचं तसं नाही. ट्रिगर ओढला की आतला दट्ट्या पुढं सुटतो म्हणून रायफल मागे येते, आणि दट्ट्या पुढं जाऊन अडला की तीच रायफल पुढं उसळते. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत यातलं बरंच घडून गेलेलं असतं. म्हणजे तिला थोपवायचं नाही, दर वेळी सारखंच हलू द्यायचं. मित्राच्या हवेच्या टाकीवाल्या रायफलीत दट्ट्याच नाही. तो ती टेबलावर कशीही टेकवतो आणि वर मला शिकवतो.

मग पुढची पिशवी ट्रिगर गार्डच्या जरा पुढं, रायफल तोलून राहते तिथं आणली. नळी पिशवीवर कधीच नाही. पिशवी आणि लाकडाच्या मधे डावा तळहात उताणा, बोटं सैल. खांद्याला नुसता स्पर्श. लाकडावर निळ्या टेपची खूण केली, कारण टेकायची जागा बोटभर सरकली तरी छर्रे जागा बदलतात. मारायच्या आधी डोळे मिटून उघडतो. स्कोपमधला (वरच्या दुर्बिणीतला) क्रॉस निशाणावरून सरकलेला दिसला तर हाताने ओढून आणत नाही, पिशवी हलवतो. आता बरा दिवस असेल तर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतात.

मागच्या पिशवीचं काम मला उशिरा कळलं. मुठीत आवळली की दस्ता केसभर वर जातो आणि नळी खाली येते, सैल सोडली की उलट. श्वास सोडून झाल्यावरच्या दोन-तीन सेकंदांत एवढंच करायचं.

भरण्याबद्दल. पुढे वाळू, चाळून, धुऊन, कडक वाळवून, वजन पाहिजेच. मागे पण वाळूच भरली होती, तर ती मुठीत दबेना आणि शिवणीतून बारीक फुफाटा स्कोपवर. शेवटी आईच्या डब्यातली मालदांडी भरली. दाणा दाण्यावरून सरकतो, मूठ म्हणेल तसा आकार घेते, वजनाला हलकी. आई दोन दिवस बोलली नाही. “खायच्या ज्वारीवर बंदूक ठेवतोस होय रे?”

तक्रारी आहेत. उजव्या कानाची शिवण चौथ्या महिन्यात उसवली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. साखर पेठेतल्या शिंप्याने जुन्या चादरीचा तुकडा आतून लावून दुहेरी टीप मारली, त्यानंतर काही झालं नाही. पुढच्या पिशवीचं कापड चिकट आहे, रायफल सरकत नाही. वरून टाल्कम पावडर चोळतो. आणि एकदा छर्रे अचानक विखुरले तेव्हा मी पिशव्यांनाच शिव्या घालत बसलो. निघालं काय, तर दुहेरी धक्क्याने स्कोपचा माउंट, म्हणजे स्कोप रायफलीवर धरणारी पकड, मागे सरकला होता. तो सरकू नये म्हणून अडवणारा स्टॉप पिन बसवला, मिटलं.

घ्याव्यात का? पुढची नक्की. मागची घरीही शिवता येईल. पावसाळा लागला तसे माझ्या ज्वारीत किडे झालेत, परवा सगळी ओतून उन्हात घातली. आता कडुलिंबाचा पाला घालून परत भरायची आहे, तोही आईनेच आणून दिला.