पैसे खात्यात दिसेपर्यंत दावं सोडू नका

हे लिहायला बरेच दिवस मन होत नव्हतं, पण मागच्या आठवड्यात मला गुरांच्या व्यवहारात फसवून गेला तसलाच एक व्यापारी खाडीपलीकडच्या वाडीत गुरं बघून गेला असं कळलं म्हणून लिहितोय. ज्यांच्या गोठ्यात गुरं आहेत त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. पावसाळ्यात गुरं वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर जातात, कातळावरचं गवत बारीक असतं पण श्रावण-भादव्यात त्याच्यावरच गुरांचं अंग तुकतुकीत होतं. भात कापून झालं की खाली मळ्यात आणि खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत मोकळी सोडायची, ओहोटीला तिवराचा (खारफुटीचा) पाला पण खातात. सगळी गावठी, लहान चणीची, ज्यांना आता कोकण कपिला म्हणतात आणि 2018 मध्ये जात म्हणून नोंद पण झाली. दूध फार नाही, पण आमच्या चढ-उताराला आणि पावसाला हीच टिकतात.

माझ्याकडे अकरा होती. राखणीला जो पोरगा होता तो मुंबईला गेला, मला आता रोज सडा चढवत नाही, आणि वैशाखात पेंढा संपत आला तेव्हा सहा काढायचं ठरवलं, चार गाई आणि दोन पाडे. ओळखीतून ओळख निघत घाटावरचा एक व्यापारी आला. बोलायला एकदम गोड, काका काका करत होता, दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, म्हणाला आमच्याकडं एका शेतकऱ्याला पाळायलाच पाहिजेत, शेणखतासाठी. ते ऐकून मला बरं वाटलं, कारण कापायला जाणार असतील तर मी दिलीच नसती. 81,000 ला ठरलं. 11,000 रोख हातात दिले, बाकीचे 70,000 गाडी भरताना ऑनलाईन.

दोन दिवसांनी संध्याकाळी टेम्पो आला. गुरं त्या दिवशी सड्यावर होती, तो म्हणाला खाली कशाला आणता, इथं बांधाला गाडी लावतो. इथेच पहिली चूक झाली, कारण सड्यावर आमच्याकडे रेंज नाही आणि हे त्याला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. त्याने मोबाईल दाखवला, हिरवी टिकमार्क, 70,000, माझं नाव बरोबर. म्हणाला, "अहो काका, तुमच्याकडं रेंज नाय, घरी जाईस्तोवर मेसेज येतोय बघा." अंधार पडत आला होता, ड्रायव्हर घाट रात्रीच उतरायचा-चढायचा म्हणून घाई करत होता. आणि पहिल्या दिवशी रोख पैसे देऊन गेलेल्या माणसावर संशय घ्यायचं माझ्या मनातच आलं नाही.

आमची तांबू गाडीत चढेना. त्याच्या माणसाने शेपटी पिरगळली तर ती खालीच बसली. शेवटी मीच खिशातली भाकरी काढून फळीवरून वर गेलो आणि ती माझ्या मागून आली. मी चढवली तिला. रात्री झोपताना अजून तेच आठवतं.

घरी आलो, मेसेज नाही. सकाळी बँकेत गेलो, काहीच जमा नाही, तो स्क्रीनशॉट खोटाच होता. फोन दोन दिवस "उद्या क्लिअर होईल" आणि मग बंद. ऑनलाईन फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर आहे, त्यावर फोन केला, पोलीस ठाण्यात तक्रार दिली.

खरी धडकी नंतर भरली. दहाव्या दिवशी घाटावरच्या एका ठाण्यातून फोन, तुमची गुरं पकडलीत. सहाच्या वर गुरं एका गाडीत नेता येत नाहीत, त्या गाडीत चौदा कोंबलेली, डॉक्टरचा दाखला नाही. आणि कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर सरकारी नोंदीत टाकला तर मालक म्हणून माझं नाव! विकल्याचा एक कागद माझ्याकडे नाही, त्यामुळे मी फसलोय का त्यातलाच आहे हेच मला पटवून द्यावं लागलं. आधी दिलेली तक्रार होती म्हणून वाचलो.

म्हणून हात जोडून सांगतो, बिल्ल्यावरचं नाव बदलायचं काम आपल्या गुरांच्या दवाखान्यात होतं, घेणाऱ्याला आधार कार्ड घेऊन तिथे आणा आणि नाव बदलल्यावरच गाडी भरा. 1 जून 2024 पासून आपल्याकडे बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीच बंद आहे, त्यामुळे बिल्ला आहे म्हणजे काम झालं असं मला वाटायचं, पण नाव कोणाचं तेच महत्त्वाचं. साध्या कागदावर का होईना, सगळे नंबर, किंमत, गाडी नंबर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. दुसऱ्याच्या मोबाईलवरची टिकमार्क धरू नका, आपलं पासबुक बघा. आणि रेंज नाही तिथे गाडी भरू नका, मग तो कितीही घाई करू दे.

सहातली चार सापडली, दोन्ही पाडे नाहीत. चारही एका गोशाळेत आहेत, कोर्टात अर्ज केलाय ताब्यासाठी. मागच्या महिन्यात जाऊन आलो, तांबू खूप उतरलीय, पाठीला जखम आहे, हाक मारली तर मान वर केली. पुढची तारीख गणपतीनंतरची मिळालीय.