सेकंडहँड पोलो १.० टीएसआय मॅन्युअल : चाळिशी ओलांडलेल्या हौशी रेसरसाठी

स्पोर्ट्‌स कारचं वेड लागतं विशीत आणि ऐपत येते पंचेचाळिशीत. मधली वीस-पंचवीस वर्षं घराचा हप्ता, पोरांच्या फिया आणि कारखान्यातली नवी मशीन यांतच जातात. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फौंड्री, मशिनशॉप चालवणारे कितीतरी जण या वयात पुन्हा गाड्यांच्या जाहिराती चाळायला लागतात. मनात पोर्श असते आणि हातात दहा लाखांच्या आतलं बजेट. त्या बजेटात रोज कामावर नेता येईल, ट्रॅकवर मान खाली जाणार नाही आणि बिघडली तर कोल्हापुरातच उभी राहील अशी गाडी म्हणून आमचं मत २०२० ते २०२२ मधल्या फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआयला. (टीएसआय म्हणजे कंपनीचं टर्बो पेट्रोल इंजिन.) मात्र मॅन्युअलच.

जगभरच्या हौशी रेसिंगचा कणा म्हणजे माझदा एमएक्स-५. १९८९ सालची, हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, दोन सीटांची. ती आपल्याकडे कधी अधिकृतपणे विकलीच गेली नाही. जुनी मागवावी म्हटलं तर तीन वर्षांपेक्षा जास्त वयाच्या गाडीला आयातीची परवानगी नाही, आणि त्यापेक्षा नवीन आणली तर ड्युटी भरून तिची किंमत कुठल्या कुठे जाते. तेव्हा तो विषय इथंच सोडलेला बरा.

पोलोबद्दल पहिली गफलत बॅजची होते. बीएस-६ मॉडेलात मागे ‘जीटी’ लिहिलेली टीएसआय सहा स्पीड ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली आहे. सहा स्पीड मॅन्युअल मिळतो हायलाइन प्लसमध्ये, आणि २०२१ च्या साध्या दिसणाऱ्या टर्बो एडिशनमध्ये. इंजिन सगळ्यांत तेच: ९९९ सीसी, तीन सिलिंडर, ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. त्यामुळे जीटीच्या बॅजसाठी विक्रेता जास्त पैसे मागत असेल, तर ट्रॅकच्या हिशेबानं ते पैसे वाया. त्याआधीची १.२ टीएसआय सात स्पीड डीएसजीची, म्हणजे दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिकची. तिचा ड्राय क्लच गर्दीत आणि उष्णतेत कुरकुरतो, मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा कंट्रोल बॉक्स) गेलं तर बिल पाहून घाम फुटतो. स्वस्त मिळते म्हणून तिच्या वाटेला जाऊ नका.

रांजणगावला बनलेली अबार्थ पुंटो कागदावर पोलोला लोळवते: १४५ पीएस, २१२ न्यूटन-मीटर, चारही चाकांना डिस्क. पण फियाटनं इथला संसार आवरलाय, आणि एका सेन्सरसाठी गाडी दोन-दोन महिने उभी राहू शकते. बलेनो आरएस हलकी आहे, तिलाही चारही डिस्क, पण जोर १०२ पीएसचाच आणि स्टिअरिंग मऊ. पोलोची मागची चाकं ड्रमवर आहेत, हा तिचा सगळ्यात ठळक कमीपणा. त्यावर इलाज आहे, तो पुढे येतो.

आता गाडी तपासण्याचं. एमएच-०९ आणि एमएच-१० पासिंगच्या गाडीत सगळ्यात आधी पाणी शोधा. या मॉडेलच्या वाट्याला जुलै २०२१ चा महापूर आला आहे. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, शहरात बेसमेंट पार्किंगं भरली होती. धुऊन-पुसून विकलेली गाडी चमकते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला की आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्यातला वेल्डिंगचा जोड आणि कार्पेटखालचा फोम हातानं चाचपा. कनेक्टरवर हिरवट बुरशी दिसली की मागं फिरा. वायरिंगचा रोग बरा होत नाही, तो फक्त जागा बदलतो.

दुसरी तपासणी रिमॅपची, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली होती का याची. या इंजिनाचा ट्यून वाढवणं सोपं, म्हणून बऱ्याच गाड्या वाढवून चालवल्या जातात आणि विकताना मूळ सॉफ्टवेअर परत घातलं जातं. ते सॉफ्टवेअर क्लचची झीज लपवू शकत नाही. रिकाम्या रस्त्यावर पाचव्या गिअरला २००० आरपीएमवरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लच संपलाय; ती रक्कम किमतीतून वजा करा. स्कॅनर लावून मिसफायरचे आकडे सिलिंडरनिहाय बघा. गाडी लिफ्टवर घेऊन सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश, लिंकरॉड आणि स्ट्रट माउंट पहारीनं हलवून पाहा. आपल्या रस्त्यांवर हे झिजलेले नसतील तरच नवल. बदलायचेच आहेत असं धरून चाला. त्यासाठी गाडी नाकारायचं कारण नाही.

गाडी हातात आली की पहिला खर्च ब्रेकवर करा. एक्झॉस्टवर नव्हे, अलॉयवर नव्हे आणि मागच्या पंखावर तर नव्हेच. (तो पंख लावून महाद्वार रोडवरून जाताना मिळणारं समाधान वेगळं, पण लॅप टाइम त्यानं कमी होत नाही.) ट्रॅकवर हमखास जे घडतं ते असं: चौथ्या-पाचव्या लॅपला पेडल स्पंजासारखं होतं आणि सहाव्या लॅपला जमिनीला टेकतं. कारण ऑइल उकळतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशाला उकळतं, ओल धरल्यावर तोच किमान आकडा १५५ वर येतो. मागं ड्रम असल्यानं आणि वजन पुढं येत असल्यानं पोलोच्या पुढच्या दोन डिस्कांवरच सगळा मारा होतो. जुनं ऑइल पूर्ण काढून सीलबंद डब्यातलं डॉट ५.१ किंवा रेसिंगचं डॉट ४ भरा. एक लिटर आणलं की धुऊन काढायला पुरतं. डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं आणि यात चालत नाही. मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून ब्लीड करत (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढत) जवळ या, आणि टाकीतली पातळी खाली जाऊ देऊ नका, नाहीतर हवा आत जाऊन सगळं पहिल्यापासून.

पॅड जास्त तापमान सोसणारे घाला. बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ८० वरून ३० पर्यंत आठ-दहा वेळा दाबून वेग उतरवा, मध्ये थांबू नका, मग दहा मिनिटं हलकं चालवून गार करा. हे न करता थेट ट्रॅकवर गेलात की पॅडचा थर डिस्कवर ठिगळांसारखा चिकटतो आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. उद्यमनगरात डिस्क लेथवर घासून मिळते, पण कडेवर कोरलेली किमान जाडी मोजून मगच घासायला द्या. ड्रममधली धूळ दर ट्रॅक डेनंतर (आपली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवसानंतर) साफ करा. सेशन संपल्यावर हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकूड लावा.

टायर १९५/५५ आर१६ असेल तर तोच आकार ठेवा. हवा थंड असताना ३० पीएसआयनं सुरुवात करा, गरम झाल्यावर ३५-३६ च्या आसपास आली पाहिजे. वर गेली तर पिटमध्ये सोडा. परतीच्या प्रवासाआधी परत भरायला मात्र विसरू नका. पुढच्या टायरची बाहेरची कड आधी खाल्ली जाते, म्हणून पुढचे-मागचे वेळेवर आपसांत बदला. इंजिन ऑइल दर दोन ट्रॅक डेनंतर, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच. सलग कडक लॅप मारले की इंजिनात जाणारी हवा तापते आणि ताकद हळूहळू उतरते. गाडी बिघडलेली नसते. एक लॅप हलका घ्या, परत येते.

काही जणांना वाटतं, ट्रॅक कशाला, आंबा घाट आणि गगनबावडा आहेत की. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत हा गुन्हा आहे: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि पावसाळ्यात करूळ घाटात वळणापलीकडे दरड असेल की ऊसाची ट्रॉली, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यात नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवरही तो विमा चालत नाही. म्हणजे भिंतीला लागलेली गाडी स्वतःच्या खिशातून उभी करायची तयारी हवी, आणि पोलो घ्यायचं मोठं कारण तेच आहे. बंपर आणि फेंडर परवडतात.

वयाचा भाग गाडीइतकाच तांत्रिक आहे. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं, प्रोग्रेसिव्ह चष्मा लागतो. तो घालून वळणाकडे मान न वळवता तिरकं पाहिलं की कडेला चित्र हलतं. ट्रॅकसाठी फक्त लांबचा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्या. काड्या सरळ आणि पातळ, हेल्मेटमध्ये सरकतील अशा. हेल्मेट मोटरसायकलचं चालत नाही, कारण त्याचं अस्तर आगीच्या कसोटीला उतरलेलं नसतं. स्नेल एसए२०२० किंवा एफआयए ८८५९ लिहिलेलं घ्या. बीपीच्या गोळ्यांमध्ये पाणी काढणारी गोळी असेल तर उन्हातल्या वीस मिनिटांत शरीर फार लवकर सुकतं, आणि बीटा ब्लॉकर असेल तर हृदयाचे ठोके चढत नाहीत, म्हणून घड्याळातला आकडा बघून आपण ताजेतवाने आहोत असं समजू नका. दोन्हींबद्दल डॉक्टरांशी आधी बोला. स्पर्धेला उतरायचं तर एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं लायसन्स लागतंच.

उत्साहात चार पॉइंटचा हार्नेस मूळ सीटवर बांधायची चूक फार जण करतात. धडकेत मांड्यांमधला पट्टा नसल्यानं कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि माणूस खाली घसरतो. हार्नेस हवा तर सहा पॉइंटचा, बकेट सीट, केज (गाडीच्या आतला लोखंडी सांगाडा) आणि मान आवरून धरणारं हॅन्स, सगळं एकत्र. तेवढं करायचं नसेल तर कंपनीचा तीन पॉइंटचा बेल्टच जास्त सुरक्षित. गुडघे दुखत असतील तर बकेट सीट विकत घेण्याआधी तिच्यात पाच वेळा बसून-उठून बघा.

पोरांना लहान वयात शिकवायचं असेल तर ही गाडी नकोच. मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक कोल्हापुरातच आहे, आणि कार्टमध्ये एका दुपारी जेवढं कळतं तेवढं मोठ्या गाडीत महिन्याभरात कळत नाही. वडिलांनीही आधी तिथं जायला हरकत नाही. तालमीत पोरांच्या हातून चीत होण्यात कमीपणा नसतो.

परवडण्याचा खरा हिशेब गाडीच्या किमतीत नसून शनिवार-रविवारात आहे. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक इथून नऊशेच्या वर, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे साडेनऊशेच्या घरात. जाऊन-येऊन १८५० किलोमीटर, लिटरला १४ धरले तर १३२ लिटर. पेट्रोल शंभरच्या पुढे, म्हणजे रस्त्यातच तेरा हजारांवर. ट्रॅकवर ॲव्हरेज चार-पाचवर येतं. वीस मिनिटांची चार सेशन म्हणजे साधारण १३० किलोमीटर, आणखी ३० लिटर. त्यावर एंट्री फी, दोन रात्री, पॅडचा निम्मा संच आणि टायरची कड. वर्षाला तीन फेऱ्यांचे पैसे बाजूला निघत नसतील तर दोन लाखांनी स्वस्त गाडी घ्या आणि ते दोन लाख फेऱ्यांवर घाला. ट्रेलर भाड्यानं घेण्याची गरज नाही, पण डिकीत पुढच्या पॅडचा जादा संच, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, एक लिटर इंजिन ऑइल आणि टॉर्क रेंच हवाच. व्हील बोल्ट १२० न्यूटन-मीटरला. गरम चाकावर आवळलेले बोल्ट गार झाल्यावर सैल पडतात, म्हणून परतताना वेल्लोरला चहाला थांबलात की चहा यायच्या आत चारही चाकांवर रेंच फिरवून घ्या.