एम्पाग्लिफ्लोझिनची जेनेरिक गोळी – पैसे वसूल, पण मे महिन्यात सांभाळून

औषधाचा रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल, पण ही गोळी आता आमच्या तालुक्यात घरोघरी दिसायला लागलीय आणि मेडिकलवाला पिशवीत टाकून देतो त्यापलीकडे कोणी काही सांगत नाही, म्हणून लिहितोय. बाबांना टाइप टू डायबेटिस, मेटफॉर्मिन आधीपासून चालूच, त्यात रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ही १० मिलिग्रॅमची जोडीला दिली. मार्च २०२५ मध्ये भारतातलं पेटंट संपलं आणि ढीगभर कंपन्या उतरल्या. त्याआधी एक गोळी साठेक रुपयांना पडायची, आंबा बागायतदार असलात तरी वर्षभर रोज ते परवडणारं नव्हे. आता दहा-बारा रुपयांत मिळते.

काम कसं करते ते मला जाम आवडलं. किडनी रोज साधारण १८० ग्रॅम साखर रक्तातून गाळते आणि जवळजवळ सगळी परत आत घेते. त्यातला नव्वदेक टक्के माल उचलतं एसजीएलटी-२ नावाचं प्रोटीन, किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशींवर बसलेलं. म्हणजे झेल्यातून निसटून खाली पडलेले आंबे वेचून पुन्हा करंडीत टाकणारा गडीच म्हणा. ही गोळी त्या गड्याचे हात धरते, साखर लघवीवाटे बाहेर. यात इन्सुलिनचा थेट संबंध नाही, म्हणून नुसत्या या गोळीने शुगर एकदम खाली जाण्याची भीती कमी (इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (इन्सुलिन वाढवणारी शुगरची गोळी) जोडीला असेल तर मात्र लक्ष ठेवा).

आता या प्रोटीनला हात लावावा हे सुचलं कुठून? तर १८३५ मध्येच सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य काढलेलं, त्याने लघवीतून साखर जाते हेही पुढे कळलं, पण ते पोटात टिकायचं नाही आणि आतड्यात साखर शोषणाऱ्या एसजीएलटी-१ या भावंड प्रोटीनलाही अडवायचं, मग जुलाब. दुसरीकडे काही माणसं जन्मतःच बिघडलेलं एसजीएलटी-२ घेऊन येतात, आयुष्यभर लघवीतून साखर जाते आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो! या गड्याला अडवलं तरी चालतं याचा इतका भरवशाचा पुरावा औषधवाल्यांना क्वचितच आयता मिळतो. या गोळीच्या २०१५ च्या मोठ्या अभ्यासात तर आधीच हृदयविकार असलेल्या डायबेटिसवाल्यांमध्ये हृदयाच्या कारणाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी दिसले, आता हार्ट फेल्युअर आणि किडनीच्या आजारालाही देतात, शुगर नसली तरी.

घरचा अनुभव म्हणाल तर शुगर उतरली, वजनही थोडं उतरलं. पण मागीलदारी बाबा जिथे उभे राहतात तिथे मुंग्यांची रांग! शेजारचे काका बघून म्हणाले, "अरे, शुगर वाढल्येय याची, औषध बदला." लघवीच्या रिपोर्टातही साखर भरपूर आली, आई घाबरली. गोळी चालू असताना ती येणारच, गोळी काम करत्येय म्हणूनच येते. बाबांचं म्हणणं, "औषध घेतोय की मुंग्यांना साखर वाटतोय?"

आता तक्रार. लघवीत साखर म्हणजे तिथे बुरशी येण्याची शक्यता, खाज सुटते, बायकांना जास्त. स्वच्छता ठेवा, कोरडं ठेवा एवढं साधं वाक्य कोणी सांगितलं नाही, आणि आपल्याकडची माणसं लाजेपायी बोलत नाहीत, नुसती खाजवत बसतात. दुसरं, या गोळीने लघवी जास्त होते, पाणी जातं. मे महिन्यात काढणीच्या वेळी दिवसभर बागेत घाम गाळायचा आणि वर ही गोळी, बाबांना उठताना भोवळ आली. ब्लडप्रेशरची किंवा लघवीची गोळी सोबत असेल तर आधीच विचारून ठेवा. उलट्या-जुलाब, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तर काही दिवस बंद करावी लागते, कारण कधीकधी शुगर फार न वाढताही रक्तात कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा बनणारी आम्लं) साचतात. मळमळ, पोटात दुखणं, धाप लागणं असं झालं तर ग्लुकोमीटर नॉर्मल दाखवतोय म्हणून घरी थांबू नका. टाइप वन वाल्यांनी हिच्या वाटेला जाऊच नये.

आणि दुकानाबद्दल, नाव लिहीत नाही. अर्धी पट्टी मागितली की कात्रीने कापून देतात आणि एक्सपायरीची बाजू नेमकी दुकानातच राहते. कुठल्या कंपनीची देतोय तेही दर वेळी वेगळं, रंग बदलला की बाबा गोळीच बाजूला ठेवतात, "ही आपली नव्हे" म्हणून.

गोळीला पाचपैकी साडेचार, दुकानाला दोन. जाताना जुनी पट्टी सोबत न्या आणि अख्खीच घ्या.