लॅपलंडचा जुलै की यॉर्कशायरचा नोव्हेंबर?

ग्रेलिंग या थंड नद्यांतल्या माशासाठी वर्षातून एकच सुट्टी हाताशी असेल तर स्वीडनच्या उत्तरेचं लॅपलंड गाठावं की उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या नद्यांवरच उभं राहावं, असं इंग्लंडात राहणारी आपली मंडळी हल्ली विचारतात. मी दोन्हीकडे गळ टाकला आहे आणि दोन्हीकडे पुन्हा जायला आवडेल.

लॅपलंडचं पारडं हलकं मुळीच नाही. कालिक्स नदीला मिळणारी काइतुम नदी घ्या. कायद्याने जलविद्युत प्रकल्पांपासून राखलेलं खोरं, पाणी इतकं नितळ की तळाचा गोटा न् गोटा दिसतो. जुलैच्या सुरुवातीला सूर्य मावळतच नाही, त्यामुळे मध्यरात्रीही ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी किड्याच्या रूपाची गळावरची माशी, नजरेत ठेवता येते. ग्रेलिंग तळाशी बसलेला असतो. फ्लाय डोक्यावरून पुढे गेली की प्रवाहाबरोबर मागे सरकत वर येतो आणि ऐनवेळी घेतो. 45 सेंटिमीटरचा मासा तिथे लागू शकतो. यॉर्कशायरमध्ये दोन पौंडांचा लागला तरी महिनाभर सांगत फिरावं.

माझं मन फिरलं ते किड्यांमुळे. डासांचं म्हणत नाही, ते जाळीच्या टोपीने आवरतात. खरा जाच बारक्या काळ्या माश्यांचा, तिथे त्यांना क्नॉट म्हणतात. त्यांच्या अळ्या वाहत्या पाण्यातल्या दगडांना चिकटून वाढतात, म्हणजे ग्रेलिंगसाठी जी धार उत्तम, तेच त्यांचं माहेर. बाहीच्या पट्टीखालून, कानामागून, केसांच्या मुळांपर्यंत त्या रांगत जातात. अशात 18 नंबरच्या इवल्या गळाच्या छिद्रात 0.12 मिलिमीटरचा टिपेट, म्हणजे दोरीचं सर्वांत बारीक टोक, ओवायचं असतं. जाळीतून छिद्र दिसत नाही, जाळी वर केली की पापण्यांवर माश्या. हाताला डीट हे किडे पळवणारं औषध चोळावं तर ते फ्लाय लाइनचं, म्हणजे फ्लाय फेकायच्या जाड दोरीचं, प्लास्टिकचं वेष्टन खातं, लाइन चिकट होते आणि रॉडच्या कड्यांतून सुटत नाही. तळवे पुसून गाठ मारेपर्यंत समोर वर येणारे मासे थांबलेले. इतक्या लांब, इतका खर्च करून गेल्यावर ऐन मोक्याच्या घटकेला लक्ष पाण्याऐवजी कॉलरकडे जावं, हे मला फार लागलं. कुणाला कदाचित इतकं टोचणारही नाही.

यॉर्कशायरच्या वॉर्फ, यूर, निड या नद्यांवर नोव्हेंबरात हा प्रश्नच नाही. ट्राउट माशाचा हंगाम 30 सप्टेंबरला संपतो. ग्रेलिंग सॅमनच्या कुळातला, पण वसंतात अंडी घालणारा, म्हणून नियमाने तो कोर्स माशांत, म्हणजे ट्राउट-सॅमनखेरीजच्या गोड्या पाण्यातल्या माशांत, धरला जातो आणि त्याची मासेमारी 14 मार्चपर्यंत चालते. ट्राउटवाले घरी गेलेले असतात, काठ मोकळा असतो. थंडीत हे मासे खोल, संथ जागी घोळक्याने राहतात. एक लागला की जागा सोडू नये. टंगस्टनच्या जड मण्याचा निंफ, म्हणजे पाण्यातल्या अळीच्या रूपाची बुडणारी फ्लाय, तळाला घासत न्यायचा, सोबत इंग्लंडचे नदीरक्षक फ्रँक सॉयर यांनी ग्रेलिंगसाठीच बांधलेली किलर बग नावाची फ्लाय. दुपारी गडद ऑलिव्ह हे नदीतले किडे पाण्यावर निघाले तर कडाक्याच्या थंडीतही ड्राय फ्लायला मासे येतात. हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात ओल्या हातावर ग्रेलिंगच्या पाठीवरचा शिडासारखा पर उघडतो, त्यावरचे जांभळट तांबडे ठिपके दिसतात. लॅपलंडच्या मोठ्या माशांपेक्षा हे मला जास्त आठवतं, कारण ते नीट, सावकाश बघता आलं.

इथेही अडचणी आहेतच. डेल्समध्ये, म्हणजे या नद्यांच्या खोऱ्यांत, रात्री पाऊस झाला की सकाळी नदी चहाच्या रंगाची आणि दोन फूट वर. पारा शून्याखाली गेला की कड्यांत बर्फ धरतो. खरी मासेमारी अकरा ते तीन, मग अंधार. पण पाण्याची पातळी आदल्या रात्री फोनवर पाहता येते आणि कड्यांतला बर्फ बोटाने निघतो. क्नॉटवर असा उपाय मला अजून सापडलेला नाही.

मोठाच मासा हवा आणि सुट्टी हलवता येत असेल, तर लॅपलंडला ऑगस्टच्या शेवटी जा. तेव्हा किडे बरेच ओसरतात, रात्री मात्र गारठतात. सुट्टी जुलैतच अडकली असेल तर माझं ऐका, ती पुढे ढकला. बर्नसॉल किंवा बोल्टन ॲबीच्या बाजूचा वॉर्फचा एका दिवसाचा परवाना काढा, एन्व्हायर्नमेंट एजन्सीचं रॉड लायसन्स खिशात ठेवा आणि ऊन वर आल्यावरच पाण्यात उतरा.