स्पार्टाकस: भडक आहे, पण चार एपिसोड कळ काढा

रोमविरुद्ध बंड करणाऱ्या स्पार्टाकस या ग्लॅडिएटरची (आखाड्यात जिवावर उदार होऊन लढणारा) ही सिरीज, पहिले दोन एपिसोड बघून बंद करणारे खूप आहेत आणि त्यांना मी नावं नाही ठेवणार. २०१० ला स्टार्झ या अमेरिकन चॅनलवर आलेली, सुरवातीला जाम भडक वाटते, दर मारामारीत स्लो मोशन, रक्ताच्या चिळकांड्या थेट स्क्रीनवर, मागचं आभाळ, गर्दी सगळं कॉम्प्युटरवर केलेलं आणि ते लपवायची तसदी पण नाही घेतलेली. घरच्यांसोबत तर अजिबात नको.

खरी मजा सुरू होते ती कथा स्पार्टाकसचा मालक बाटिएटसच्या घरात मुरल्यावर. इटलीतल्या कापुआ शहरातली ग्लॅडिएटरांची शाळा, वर मालकाची हवेली, खाली गुलामांच्या कोठड्या. जॉन हॅनाने बाटिएटस काय केलाय राव! कर्जात बुडालेला, मोठ्या लोकांत मिरवायची हाव, तोंडात अखंड शिव्या, माणूस नीच आहे हे माहीत असून त्याचीच वाट बघत बसतो आपण. ल्युसी लॉलेसची लुक्रेशिया, म्हणजे त्याची बायको, त्याच्याहून थंड डोक्याची.

मला तर आखाड्यापेक्षा घरातलेच सीन जास्त अंगावर आले. नवराबायको खाजगीतलं खाजगी बोलतायत आणि दासी तिथेच वाइन घेऊन उभी, जणू खांबच आहे एखादा. कोणी कोणाबरोबर झोपायचं ते पण मालक ठरवणार. आणि व्हॅरो (स्पॉयलर आहे, नको असेल तर पुढच्या पॅरावर जा), हा मुळात स्वतंत्र रोमन माणूस, जुगाराचं कर्ज फेडायला स्वतःहून ग्लॅडिएटर झालेला, त्याचा जीव जातो एका पार्टीत, एका बड्या घरच्या पोराने अंगठा खाली केला म्हणून. मारावं लागतं ते पण त्याच्या जिवलग दोस्ताला, स्पार्टाकसला. पुढचा एपिसोड लगेच लावायची हिंमतच नाही झाली.

इतिहास शिकायला बघू नका, पण सांगाडा खरा आहे. इ.स.पू. ७३ मध्ये सत्तरेक ग्लॅडिएटर कापुआतून पळाले, व्हेसुव्हियस डोंगरावरून वेलींच्या आधाराने उतरून रोमन तुकडीला मागून गाठलं, आणि ७१ मध्ये रोमन सेनापती क्रॅससने ६००० जणांना कापुआ ते रोम रस्त्याकडेला क्रूसावर चढवलं, हे सगळं नोंदलेलं आहे. रोमन अधिकारी ग्लेबरसोबतचं स्पार्टाकसच्या बायकोवरून वैर मात्र लेखकांचं, आणि ज्युलियस सीझरला तर ओढूनताणूनच आणलाय.

पहिल्या सीझननंतर स्पार्टाकस झालेल्या अँडी व्हिटफिल्डला कॅन्सर झाला, २०११ मध्ये तो गेला. नंतरचा लियाम मॅकिंटायर वाईट नाहीये, पण त्याला स्पार्टाकस मानायला अर्धा सीझन जातो. शेवटच्या सीझनमधला क्रॅसस झकास, स्वतःच्याच सैनिकांत दर दहातला एक मारायला लावणारा, स्पार्टाकसला कमी न लेखणारा. याच सिरीजची सहा एपिसोडची गॉड्स ऑफ द अरेना पहिल्या सीझनच्या आधीच्या काळातली आहे म्हणून ती आधी बघू नका, पहिल्या सीझनमधली बरीच गुपितं तिथे फुटतात. आली त्याच क्रमाने बघा.