झाडीतल्या हरणासाठी कोणतं काडतूस: थर्टी-थर्टी, थ्री-फिफ्टी लेजंड आणि बाकीची मंडळी

अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य-पश्चिम भागातल्या जंगलात पांढऱ्या शेपटीचं हरीण दिसतं ते बहुधा शंभर यार्डांच्या आत, आणि झाडी दाट असेल तर तीस-चाळीस यार्डांवर. मधे झुडपं, अर्धं अंग खोडामागे, आणि हाताशी तीन-चार सेकंद. रायफल घ्यायला गेलेला माणूस मात्र खोक्यावर छापलेले पाचशे यार्डांपर्यंतचे आकडे वाचत बसतो. या शिकारीत त्या आकड्यांचा काडीचा उपयोग नाही. गोळी लागते तेव्हा तिचा वेग किती, त्या वेगाला ती नीट उमलते की तिच्या ठिकऱ्या होतात, आणि बंदूक झटकन खांद्याला येते का, एवढंच पाहायचं. हरणाच्या काळीज-फुप्फुसांचा भाग साधारण ८ इंच व्यासाचा असतो. शंभर यार्डांच्या आत तेवढ्या जागेत गोळी घालायला कुठलीही धड रायफल पुरते.

सुरुवात .३०-३० विंचेस्टरपासून करावी लागते, कारण बाकी सगळ्यांची तुलना शेवटी त्याच्याशीच होते. विंचेस्टरच्या मॉडेल १८९४ या लिव्हर रायफलसाठी (चापाखालची कडी पुढे-मागे ओढून काडतूस भरायची रायफल) हे काडतूस १८९५ मध्ये बाजारात आलं. बिनधुराच्या दारूवर बेतलेलं, लहान व्यासाचं हे पहिलं अमेरिकन शिकारी काडतूस. नावातला पहिला ३० म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, ०.३० इंच; दुसरा म्हणजे मूळच्या दारूचं वजन, ३० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम). १५० ग्रेनची गोळी नळीतून सुमारे २३९० फूट प्रति सेकंद वेगाने निघते आणि १०० यार्डांवर २००० च्या आसपास उरते. १७० ग्रेनची सुमारे २२०० ने निघते. कागदावर हे आकडे आज मरतुकडे वाटतात. खरी मेख वेगळीच आहे. या काडतुसाच्या गोळ्या याच वेगात उमलण्यासाठी घडवलेल्या असतात, मऊ शिशाचं उघडं टोक आणि पातळ वेष्टण. पन्नास यार्डांवर ती गोळी फुप्फुसात उमलते, फुटत नाही, आणि बहुतेक वेळा पलीकडून बाहेर पडते. धक्का .३०८ या जास्त वेगाच्या काडतुसापेक्षा बराच कमी, त्यामुळे दुसरा बार काढताना डोळा दुर्बिणीवरच राहतो. १५० घ्यायची की १७०? फक्त झाडीत बसणार असाल तर १७०. अधूनमधून शेताच्या बांधावर दीडशे यार्डांची वेळ येत असेल तर १५०. यापलीकडे या वादात दम नाही.

लिव्हर रायफलच्या नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकापुढे एक बसतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या भागावर, टेकतं. म्हणूनच इथे चपट्या किंवा बोथट टोकाच्या गोळ्या लागतात. कडक टोकदार गोळी भरली तर धक्क्याने पुढची टोपी पेटून मॅगझिनच फुटू शकतं. हॉर्नाडीच्या लेव्हरेव्होल्यूशन काडतुसांत टोक मऊ रबरासारखं असतं, त्यामुळे टोकदार असूनही ती चालतात. ती जरा सपाट जातात, पण शंभर यार्डांच्या आत तो फरक हरणाला कळत नाही आणि खिशाला कळतो.

रायफलींत जुनी विंचेस्टर ९४ सर्वांत हलकी आणि हातात सर्वांत चपळ. पण ती रिकामी पुंगळी वरून फेकते, म्हणून वर मधोमध दुर्बीण बसत नाही. १९८० च्या दशकात आलेल्या तिरकं फेकणाऱ्या मॉडेलांत ती अडचण सुटली. १९४८ मध्ये आलेली मार्लिन ३३६ पुंगळी बाजूने फेकते आणि तिचा माथा सपाट, बंद आहे. दुर्बीण लावायचीच असेल तर मार्लिन. रुगरने २०२० मध्ये मार्लिन विकत घेतली आणि २०२३ पासून ३३६ पुन्हा बनू लागली. जुनी ३३६ घेताना लिव्हर सावकाश आणि मग जोरात, दोन्ही प्रकारे चालवून पाहा. काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीची धार झिजली असेल तर दुसरं काडतूस पट्टीखाली घुसतं आणि लिव्हर मधेच अडकते. हा या बंदुकीचा इतका ठरलेला आजार आहे की त्याला तिचंच नाव पडलंय. पट्टी दुरुस्त होते, बदलताही येते, पण तेवढे पैसे किमतीतून आधीच कापून घ्यावेत. चांगल्या स्थितीतली लिव्हरही अर्धवट ओढली तर अडकते. ती पुढे थांबेपर्यंत आणि मागे बसेपर्यंत पूर्ण मारायची, हळुवार हाताचं हे काम नाही. शिवाय दुर्बीण खाली बसवली की घोड्यापर्यंत अंगठा पोचत नाही. घोड्याला बाजूने लावायचा छोटा खुंटा मिळतो, तो लावाच. थंडीने बधिर झालेल्या, हातमोज्यातल्या अंगठ्याखालून घोडा निसटला तर बार उडतो, म्हणून घोडा उतरवताना नळी नेहमी मोकळ्या जमिनीकडे.

आता कायद्याची अडचण. ओहायो, इंडियाना, आयोवा अशा सपाट राज्यांत हरणासाठी पूर्वी मुख्यतः शॉटगनची सिंगल गोळी आणि ठासणीची बंदूक चालत असे. पुढे सरळ पुंगळीच्या काडतुसांना मोकळीक मिळाली, कारण त्यांच्या गोळ्यांचा वेग लवकर ओसरतो. .३०-३० ची पुंगळी तोंडाशी निमुळती होते, म्हणून अशा नियमात ती बसत नाही. दक्षिण मिशिगनसाठी तर पुंगळीची लांबी १.१६ ते १.८० इंच अशी अट घातली गेली, २.१०५ इंचांचं .४५-७० त्यात बाद. हे नियम बदलत राहतात, तेव्हा त्या वर्षीची राज्याची नियमपुस्तिका उघडूनच खरेदी करा. दुकानदाराच्या तोंडी हमीवर नको.

या कोंडीवर विंचेस्टरने २०१९ मध्ये काढलेला तोडगा म्हणजे .३५० लेजंड. १५० ग्रेनची गोळी सुमारे २३२५ फूट प्रति सेकंद, १८० ग्रेनची २१००. म्हणजे जवळपास थर्टी-थर्टीच, फक्त सरळ पुंगळीत आणि धक्क्याला आणखी सौम्य. नवशिक्याला, लहान चणीच्या माणसाला किंवा शॉटगनच्या धक्क्याने नेम बिघडलेल्याला हेच द्यावं. त्रुटी दोन. हे काडतूस कक्षेत (नळीच्या मागच्या, काडतूस बसायच्या पोकळीत) पुंगळीच्या तोंडावर टेकतं. घरी काडतुसं भरणाऱ्याने पुंगळीचं तोंड गोळीवर जास्त वळवलं तर टेकायला जागाच उरत नाही, बार हुकतो किंवा नेम भरकटतो. दुसरी, एआर रायफलमध्ये (पुढचं काडतूस आपोआप भरणारी, एआर-१५ धाटणीची) तिच्या नेहमीच्या ५.५६ मिमी काडतुसाचं मॅगझिन चालवण्याचा मोह. खालचा बुडखा सारख्या मापाचा असला तरी सरळ पुंगळी त्या वळणदार मॅगझिनमधून नीट वर येत नाही. लेजंडसाठीचंच मॅगझिन घ्या. हाताने खिटी ओढून भरायच्या बोल्ट रायफलमध्ये हा प्रश्न क्वचितच येतो, आणि झाडीत पहिलीच गोळी महत्त्वाची असल्याने बोल्टचा तोटाही फारसा नाही.

लिव्हरची आवड आणि सरळ पुंगळीची सक्ती अशी दोन्हीही असतील तर रेमिंग्टनचं २०२३ चं .३६० बकहॅमर पाहण्यासारखं आहे. .३०-३० चीच पुंगळी सरळ करून बनवलेलं, बुडाला कड असलेलं, १८० ग्रेनला २४०० आणि २०० ग्रेनला २२०० फूट प्रति सेकंद. पुंगळीची लांबी बरोबर १.८० इंच आहे. मिशिगनच्या मोजपट्टीवर डोळा ठेवूनच ती बेतली, यात शंका नको. शंभर यार्डांच्या आत हे लेजंडपेक्षा सरस. पण काडतुसांचे प्रकार अजून मोजकेच, त्यामुळे हंगामाआधी साठा करून ठेवायची तयारी हवी. १९०६ चं .३५ रेमिंग्टनही असंच: २०० ग्रेनला सुमारे २०८० फूट प्रति सेकंद, झाडीत अजूनही उत्तम, पण निमुळतं असल्याने सरळ पुंगळीच्या नियमात बाद आणि खोके शोधताना दमछाक. जुनी रायफल घरात असेल तर वापरा, मुद्दाम विकत घेऊ नका.

.४५० बुशमास्टर २५० ग्रेनची गोळी २२०० फूट प्रति सेकंद वेगाने फेकतं. हरीण जागेवर पडतं, खांदाही. हलक्या रायफलीवर नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा भोकांचा तुकडा लावलेला असतो, आणि त्याने आवाज बाजूला फेकला जातो तो कानठळ्या बसवणारा. कानाला संरक्षण न लावता मचाणावरून एकदा जरी बार काढला तरी कान कायमचा बिघडू शकतो. लेजंडने जे काम होतं त्यासाठी हा त्रास का घ्यायचा, याचं पटणारं उत्तर मिळत नाही.

.४५-७० चंही थोडंफार तसंच. १८७३ चं लष्करी काडतूस, आणि त्याच वयाच्या जुन्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड रायफली अजून लोकांच्या घरी आहेत, म्हणून कारखाने ४०५ ग्रेनची गोळी अवघ्या १३३० फूट प्रति सेकंदावर ठेवतात. त्या जुन्या रायफलीत आधुनिक लिव्हरसाठीची जास्त दाबाची काडतुसं घातली तर बंदूक फुटेल, इथे तडजोड नाही. हरणासाठी ३०० ग्रेनची, १८०० ते १९०० दरम्यानची पोकळ टोकाची गोळी पुरते. आणखी जड, कडक शिशाची गोळी हरणाच्या बारीक फासळ्यांतून न उमलताच आरपार जाते.

.४४ मॅग्नम कार्बाइन हातात खेळण्यासारखी. पिस्तुलातून साधारण १३०० फूट प्रति सेकंदाने निघणारी २४० ग्रेनची गोळी लांब नळीतून १७६० पर्यंत जाते. फायद्याबरोबर इथेच खोट आहे: पिस्तुलाच्या वेगासाठी बनवलेली पोकळ टोकाची गोळी एवढ्या वेगात फार लवकर उमलते आणि खांद्याच्या हाडापाशीच थांबू शकते. मऊ टोकाची, जाड वेष्टणाची घ्या. जुन्या मार्लिन १८९४ च्या नळीतल्या खाचांचा पीळ ३८ इंचांत एक फेरा इतका सैल असतो, त्यामुळे ३०० ग्रेनच्या लांब गोळ्या तिच्यात नीट स्थिरावत नाहीत. पंच्याहत्तर यार्डांपर्यंत मस्त, शंभरला सीमा.

घरात .३०८ किंवा .२४३ आधीच असेल तर नवी रायफल घेऊ नका, काडतूस बदला. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २८२० ने निघते आणि तीस यार्डांवर जवळजवळ तेवढ्याच वेगाने आदळते. साध्या पातळ वेष्टणाची गोळी तिथे खांद्याच्या हाडावर फुटते, आणि दोन्ही खांद्यांचं मांस रक्ताने काळवंडून टाकून द्यावं लागतं. वेष्टणाला शिसं जोडलेली, नॉस्लर पार्टिशनसारखी मधे पडदा असलेली किंवा अखंड तांब्याची गोळी वापरा, आणि नेम खांद्याच्या मागे धरा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. १३० ते १५० ग्रेन पुरेसं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीला शिसंविरहित गोळ्याच लागतात. .२४३ मध्ये १०० ग्रेनचीच गोळी. ५५-६० ग्रेनच्या गोळ्या कोल्ह्या-घुशींसाठी असतात. त्या हरणाच्या खांद्यावर वरवरची जखम करून विखुरतात. नीट गोळी असूनही .२४३ चं बाहेरचं छिद्र कधी छोटं असतं, कधी नसतंच, आणि दाट झाडीत रक्ताचा माग धरणाऱ्याला पलीकडचं छिद्रच वाचवतं. मचाणावरून मारताना तर गोळी वरून शिरते. खालून बाहेर पडली नाही तर रक्त छातीतच साचतं आणि पानांवर काही दिसत नाही.

जड, संथ गोळी झुडपं कापत जाते हा समज टाकून द्या. फांदीला लागली की .४५-७० ही वळते. फांदी हरणाला चिकटून असेल तर चूक थोडी, दहा-पंधरा यार्ड अलीकडे असेल तर गोळी पोटात. मोकळी फट मिळेपर्यंत चाप ओढायचा नाही.

दुर्बीण १ ते ४ किंवा १.५ ते ५ पटीची घ्या आणि शिकारीत ती सर्वांत कमी पटीवर ठेवा. ३ ते ९ पटीची नऊवर राहिली तर तीस यार्डांवर काचेत नुसते तपकिरी केस दिसतात, खांदा कुठला आणि मांडी कुठली कळत नाही. नेम १०० यार्डांवर बसवा; .३०-३० ची गोळी २०० यार्डांवर ८ इंचांच्या आसपास खाली जाते, पण तिथवर या शिकारीत जायचंच नाही. त्याऐवजी २५ यार्डांवर दोन गोळ्या कागदावर मारून पाहा. दुर्बीण नळीच्या दीड इंच वर असते, म्हणून तिथे गोळी अर्धा-पाऊण इंच खाली लागेल. एआरवर दुर्बीण आणखी उंच, तर फरकही दुप्पट. हरणाच्या बाबतीत हे नगण्य. पण मचाणाच्या कठड्यावरून नेम धरताना दुर्बिणीला सगळं मोकळं दिसतं आणि नळीसमोर मात्र कठड्याचा दांडा किंवा जवळची फांदी असते, तेव्हा हाच दीड इंच नडतो. बसल्या बसल्या, रायफल रिकामी असताना, प्रत्येक फटीकडे नेम धरून नळीसमोर काय येतं ते एकदा पाहून घ्या, आणि आड येणाऱ्या फांद्या, छाटायची परवानगी असेल तर, आधीच छाटून टाका.